ओळखीवर शिक्का मिळत नाही

कोजागिरीच्या दुधाबरोबर एका काकांनी फर्मान सोडलं, "गंगापूर रोडचा फ्लॅट विकायचाय. मुख्त्यारपत्रावर शिक्का मारून ठेव, दादाची सही मी नंतर आणतो." मी नाही म्हटलं, तर "आपल्याच माणसांना नडतेस" हे ऐकावं लागलं.

मंडळात हे वारंवार होतं, म्हणून लिहिते. कॅलिफोर्नियात सही करणारा माणूस नोटरीसमोर प्रत्यक्ष हजर लागतो. मला व्हिडिओ कॉलवरचा भाऊ चालत नाही. शिवाय 2008 पासून इथे वैयक्तिक ओळख पुरावा म्हणून धरत नाहीत. काका कितीही जवळचे असोत, पासपोर्ट किंवा लायसन्स दाखवायलाच हवं.

सर्वांत जास्त रुसवेफुगवे अंगठ्यावरून. मुख्त्यारपत्र असो की गहाणखत, माझ्या नोंदवहीत उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यावाच लागतो. "आम्ही काय अंगठेबहाद्दर?" म्हणत शिकलेली माणसं हात मागे घेतात. हीच माणसं नाशिकला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मशीनवर मुकाट अंगठा टेकवून खरेदीखत करून येतात. तिथे न झालेला अपमान माझ्या डायनिंग टेबलावरच कसा होतो? परदेशी राहणाऱ्याची बंद जागा खोट्या मुख्त्यारपत्रावर परस्पर विकली जाईल, ही धास्ती आपल्या घराघरांत आहे. सही गिरवता येते, ठसा नाही. तो तुमच्याच संरक्षणासाठी आहे हो!

"सहा तासांत नोटरी झालीस" असंही म्हणतात. भारतात त्यासाठी दहा वर्षं वकिली लागते, महिलांना सात, हे खरं. इथे सहा तासांच्या अभ्यासक्रमानंतर परीक्षा, बोटांच्या ठशांवरून पार्श्वभूमीची तपासणी आणि 15,000 डॉलरचा बाँड असतो. कर्जाच्या सह्या घ्यायला या राज्याचा वेगळा परवाना नाही, पण कर्ज देणारे आपली तपासणी वेगळी मागतात. आणि मी वकील नाही, म्हणून कागदाचा अर्थ सांगायची मला मनाई आहे. मी गप्प बसते तो उर्मटपणा नव्हे.

सणाच्या अंकात एवढं सुनावलं, मोठ्यांनी राग मानू नये. कुणाचं काम अडावं असं मला मुळीच वाटत नाही. भाऊ टेक्सासला असेल तर त्याने तिथल्याच नोटरीकडे जावं आणि त्याच राज्याचं अपोस्टिल घ्यावं. भारत 2005 पासून ते मानतो. फक्त कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. इथलं सगळं नीट करून तिथे एवढ्यासाठी अडलेली माणसं मी पाहिली आहेत.