सातबारा म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे



आष्टीच्या शिवारात धुरे सामाईक, जमिनी भावाभावांत, काही बटईने दिलेल्या. कपाशीच्या तासात गांजाची चार झाडे सापडली, तर गुन्हेगार कोण? सातबारावर नाव असलेला? १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजाच्या लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

उत्तर प्रदेशात एकाला अशीच शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. निकाल २००४ च्या निकालसंग्रहात आहे. जमीन त्याच्याच ताब्यात असल्याचा धड पुरावा नव्हता. झाडे त्यानेच लावली, हेही सिद्ध झाले नव्हते. ती आपोआप उगवलेलीही असू शकतात.

गांजा पिकवणाऱ्याची वकिली आम्ही करत नाही. पण ताबा आणि लागवड आधी सरकारने सिद्ध करायची, शेतकऱ्याने नव्हे.

म्हणून पंचनामा वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. बटई लिहून ठेवा, पीकपेरा नोंदवा. शिक्षा झालीच तर निकालाची प्रत घ्या. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस. आपले खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. तुरुंगातल्या माणसाला विधी सेवेचा वकील मोफत मिळतो. नशिबाला दोष देत बसू नका, अपील करा.