नाट्यगृहांतील भुतें आणि माणसें

जुन्या नाट्यगृहाची गोष्ट निघाली कीं आमच्या सुशिक्षित मंडळींना प्रथम त्यांतील भूत आठवतें. लंडनांतील ड्रूरी लेन येथील थिएटर रॉयल हें याचें ठळक उदाहरण. तेथें पहिलें नाट्यगृह १६६३ मध्यें उघडलें. आजची इमारत १८१२ ची, त्या जागेवरील चवथी. एवढ्या दीर्घ इतिहासांतून लोकांनीं उचलून धरिला तो मात्र 'करड्या वेषांतील गृहस्थ'! तीनकोनी टोपी, केसांचा टोप आणि करडा झगा अशा थाटांत तो भर दिवसां वरच्या सज्जांतून फिरतो, आणि तो दिसला कीं नाटक हमखास चालतें, अशी आख्यायिका आहे. भिंतींत बुजविलेल्या जागीं बरगड्यांत सुरा रुतलेला एक सांगाडा सांपडला, तो याचाच, असेंही सांगतात.

या कथेची जरा उलटतपासणी करूं. गृहस्थाचा पोशाख अठराव्या शतकांतला. त्या शतकाच्या अखेरीस, १७९४ मध्यें, उभें राहिलेलें नाट्यगृह २४ फेब्रुवारी १८०९ रोजीं जळालें. नंतरच्या इमारतीचें प्रेक्षागार १९२२ मध्यें पुन्हां नव्यानें बांधलें. मग या गृहस्थाला चिणलें तें कोणत्या भिंतींत? भूत आपली जागा सोडीत नाहीं असा आमच्याकडील समज. हें भूत मात्र दोनदां बिऱ्हाड बदलून नव्या सज्जांत राहावयास आलेलें दिसतें! आणि नाटक चालावयाचें असेल तेव्हांच दर्शन देणारें भूत हें भूत नव्हे, जाहिरातदार होय.

आतां याच वास्तूच्या पूर्वपीठिकेंतील एक खरा मृत्यु पाहा. १० मे १७३५ रोजीं नटांच्या विश्रांतिगृहांत एका टोपावरून भांडण जुंपलें, आणि चार्ल्स मॅक्लिन या नटाची काठी थॉमस हॅलम या सहकाऱ्याच्या डोळ्यांत घुसली. दुसऱ्या दिवशीं हॅलम वारला. मॅक्लिन सदोष मनुष्यवधाचा अपराधी ठरला. याच मॅक्लिननें १७४१ मध्यें त्याच रंगभूमीवर शायलॉक असा कांहीं वठविला कीं, त्या पात्राचें जुनें विदूषकी रूप मागें पडलें. क्रोध, पश्चात्ताप, कला यांचें केवढें नाट्य येथें आहे! पण निनावी सांगाड्यापुढें हॅलमला कोण विचारतो?

कोणी म्हणतील, भूतकथा निरुपद्रवी आहेत. त्यांमुळेंच जुन्या वास्तूंविषयीं प्रेम टिकतें. आम्हांस हें मान्य नाहीं. रॉबर्ट बॅडली हा नट १७९४ मध्यें वारला. दरवर्षीं ६ जानेवारीस ड्रूरी लेनच्या नटांना केक व मद्य मिळावें म्हणून त्यानें मृत्युपत्रांत १०० पौंड ठेविले. शतकें उलटलीं तरी ती प्रथा टिकली. स्मृतीला भूत लागत नाहीं. एक कागद आणि तो पाळणारीं माणसें पुरतात.

हा वाद लंडनपुरताच असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. मुंबईच्या ग्रँट रोडवर १८४६ मध्यें नाट्यगृह झालें. सांगलीच्या विष्णुदास भावे यांनीं तेथें १८५३ मध्यें मराठी नाटकें केलीं. तें नाट्यगृह आज उभें नाहीं. तेथें पडदा कोणीं ओढला, दिवे कोणीं लावले, तिकिटें कोणीं विकलीं, हें कोणास सांगतां येईल? जेथें दप्तर राहत नाहीं तेथें भूत राहावयास येतें. आणि दप्तर नाहींसें करणारे परके नव्हेत. दिवाळीच्या साफसफाईंत आजोबांच्या ट्रंकेंतील नाटकांचीं हस्तपत्रकें व हिशेबाच्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूंत टाकणारे आपणच आहों. यंदां ती ट्रंक उघडाल तेव्हां वजन करण्यापूर्वीं एकदां वाचून पाहा. त्या कागदांवर जीं नांवें आहेत, तीं खऱ्या माणसांचीं आहेत. आणि तीं एकदां रद्दींत गेलीं, कीं त्यांचीं भुतेंसुद्धां उरावयाचीं नाहींत.