धर्म पालटला, मायबोली नव्हे

"ख्रिस्ती भजने आपण कशाला ऐकावीत?" असे कोणी विचारले, तर मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे बोट दाखवीन. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षे वियोगही सोसला. परंतु धर्म पालटला म्हणून त्यांनी मायबोली टाकली नाही. विलायती चालींवर विसंबून न राहता अभंग, भजन व कीर्तन यांतूनच त्यांनी ख्रिस्तभक्ती गाइली.

आपल्या जवळच्या देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांच्या कंठातून कबीर ऐकताना आपण कबीराचा पंथ विचारीत नाही. मग टिळकांचाच का विचारावा? विद्यार्थीमित्रहो, परधर्मीयाचे भजन ऐकल्याने आपली श्रद्धा ढळत नाही. शेजाऱ्याची मात्र कळू लागते.