दाण्यातले मटण, मंद आचेवर

१ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते, तरी अलिबाग, नागाव, किहीमला पाहुणे यायचे थांबत नाहीत. सुरमई-पापलेट मिळते ते बर्फातले आणि भाव ऐकून घाम फुटावा असे. अशा वेळी खानावळवाले कोंबडीवर भागवतात. आमचे सांगणे असे, की या दोन महिन्यांसाठी तरी पश्चिम आफ्रिकेतला दाण्याचा मांसरस्सा हातात बसवून घ्यावा. सेनेगलमध्ये त्याला माफे म्हणतात, गांबियात डोमोडा. भाताबरोबर खातात, आणि भाताला आपल्याकडे तोटा नाही.

तिकडे तो बहुतेक गोमांसाचा करतात, मटणाचा आणि कोंबडीचाही करतात. महाराष्ट्रात कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीपासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीचे मांस त्या बंदीत येत नाही, पण रायगडच्या किनाऱ्यावर बोकडाचे मटण घेणेच सरळ. मात्र घेताना मांडीचे गुळगुळीत तुकडे मागू नका. गर्दन, सीना, नळी हवी. चिवट भागातला तंतू तास-दीड तास मंद आचेवर विरघळतो आणि रश्शाला जो चिकट भरीवपणा येतो, तो मऊ तुकड्यातून कधीच येत नाही. खाटकाकडे हे भाग बहुधा स्वस्तही पडतात.

आता दाणे. उपवासाची दाण्याची आमटी आपल्या घराघरांत होते, त्यामुळे कूट कसे वागते हे आपल्या आचाऱ्यांना शिकवावे लागत नाही. पण इथे कूट चालत नाही. दाणे मंद भाजून, साले पूर्ण काढून, तेल सुटेपर्यंत वाटायचे. मिक्सर मध्येच थांबवून कडा खरवडायच्या आणि पुन्हा फिरवायचा. दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, ते बाहेर आले की वाटण आपसूक सैल होते. त्यात पाणी घालायचे नाही. किलोभर मटणाला पाव किलो दाणे पुरतात.

आधी कांदा तेलात नरम करा, लसूण, टोमॅटो आणि थोडी टोमॅटो प्युरी घालून कच्चेपणा जाईपर्यंत परता. मग मटण, पाणी, मीठ, झाकण. मटण अर्धेअधिक शिजल्यावरच वाटण घालायचे, तेही भांड्यातलाच गरम रस्सा घेऊन पातळ करून. थेट गोळा टाकला तर गुठळ्या होतात. यानंतरचा पाऊण तास खरा कसोटीचा. वाटण फुगते, घट्ट होते, तळाला बसते. जाड बुडाचे भांडे आणि दर पाच-सात मिनिटांनी तळापर्यंत जाणारा कालथा, याला पर्याय नाही. मटण कुकरला लावून वेळ वाचवणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, पण वाटण घातल्यावर शिट्टी काढाल तर खाली करपेल आणि करपलेला दाणा सगळा रस्सा कडू करतो. रताळे, गाजर, कोबीचे मोठे तुकडे शेवटच्या अर्ध्या तासात. मिरची अख्खीच सोडायची, म्हणजे तिखटाचा अंदाज हातात राहतो. वर तांबूस तेलाचा तवंग आला की झाले. तिकडच्या बायकाही तेच पाहून आच बंद करतात.

अलिबागचा पांढरा कांदा यात घालू नका. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा गोड आणि कमी तिखट. तासभर शिजवून त्याची ओळख पुसण्यापेक्षा ताटात कच्चा द्या. रश्शाला साधा लाल कांदाच योग्य. साय किंवा क्रीमही नको. हा पदार्थ मुळात दुधाशिवायचा आहे. अलिबागच्या बेने इस्रायली घरांत मांसाबरोबर दुधाचे काही चालत नाही आणि जाडसरपणा नारळाच्या दुधाने आणतात, हे इथल्या जुन्या आचाऱ्यांना ठाऊक आहे.

मेन्यूवर नाव लिहिताना एक मोह होईल. मुरूड-जंजिरा जवळ, सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, म्हणजे ‘सिद्दी नवाबांचा शाही रस्सा’ असे लिहून टाकावे. कृपा करून लिहू नका. जंजिऱ्याच्या सिद्द्यांची मुळे आफ्रिकेच्या पूर्व बाजूला, हबसाणाकडे. हा रस्सा खंडाच्या पश्चिम टोकाचा. आणि भुईमूग तर दोन्हीकडचा नव्हे, दक्षिण अमेरिकेतून सोळाव्या शतकाच्या सुमारास पोर्तुगीज जहाजांबरोबर आफ्रिकेत पोचलेला. सेनेगलमध्ये त्याची प्रचंड लागवड झाली ती फ्रेंच अमलात, एकोणिसाव्या शतकात. ही खरी हकीकत पुरेशी रंजक आहे. ‘सेनेगलचे माफे, बोकडाच्या मटणाचे’ एवढे लिहिले तरी पाहुणा विचारेल, आणि तुम्हाला सांगायला काही असेल.

सगळ्यात जास्त काळजी साठवणीची, कारण ज्या दिवसांसाठी आपण हा पदार्थ सुचवतो आहोत तेच दिवस दाण्याचे वैरी. दमट हवेत दाण्यावर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत याच विषाचा शोध लागला. माणसाच्या यकृतालाही ते घातक आहे, आणि उकळून किंवा भाजून त्याची खात्रीने विल्हेवाट लागत नाही. म्हणून पावसाळ्यात पोते भरून ठेवू नका, भिंतीला टेकवून तर नाहीच. आठवड्यापुरते घ्या, हवाबंद डब्यात ठेवा, वाटण फ्रीजमध्ये. भाजण्याआधी परातीत पसरून निवडायला माणूस बसवा: सुरकुतलेला, काळपट, किडका, फुटका दाणा बाजूला. खवट वास आला तर तो घाणा पूर्ण टाका, मसाल्याने झाकू नका.

शेंगदाण्याची ॲलर्जी काही जणांच्या जिवावर बेतते. अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमांनी मेन्यूवर ॲलर्जीची सूचना देण्याचे बंधन मोठ्या साखळी उपाहारगृहांवर आहे. चार खोल्यांच्या होमस्टेनेही ती फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी. ऑर्डर घेणाऱ्या मुलाने तोंडी विचारावे. या रश्शाचा डाव दुसऱ्या भांड्यात बुडवू नये आणि दाण्याचे मिक्सरचे भांडे ओल्या खोबऱ्याच्या वाटणाला वापरू नये. त्याला वेगळे भांडे विकत घ्यावे.