वर्षाचं धान्य नाही, पण वर्षाची भाजी होते



घरच्या बागेत वर्षभराचं अन्न पिकवा, टिकवून ठेवा, बाजार विसरा, असे व्हिडिओ सध्या मोबाईलवर फार फिरतात. ‘उमेद’च्या पोषण परसबागेमुळे बचत गटांच्या बैठकांतही हाच विषय निघतो. विषय चांगलाच आहे. पण आपल्या वस्तीतल्या बाईला तो सांगण्याआधी तिचं अंगण मोजा, एवढंच माझं म्हणणं आहे.

पाच माणसांच्या घराला रेशनवर महिन्याला २५ किलो धान्य मिळतं. वर्षाचं झालं ३०० किलो, आणि तेही पुरत नाही. एवढी ज्वारी कोरडवाहू रानात काढायची तर अर्धा-पाऊण एकर तरी पाहिजे. आपल्याकडे घरामागे दहा बाय दहा फूट जागा निघाली तर नशीब. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, आपली माणसं तुरुंगात गेली, ती कुंड्यांसाठी नव्हे. परसबाग दिली म्हणजे जमिनीचा प्रश्न मिटला, असं कुणी म्हणू लागलं तर तिथंच अडवा.

मग बाग करूच नये का? करावी, पण भाजीसाठी. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी रोज १०० ग्रॅम पालेभाजी खा म्हणते. पाच जणांची वर्षाची सुमारे १८० किलो होते. त्यातली निम्मी जरी अंगणातून आली तरी घरातल्या बाईच्या रक्तावर फरक पडेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी निघालं. त्याआधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा ४८ होता. म्हणजे तो वाढला आहे. बाळंतपणाला आलेल्या बाईला मी विचारायची, पालेभाजी खाता का? ‘उन्हाळ्यात कुठची जी भाजी,’ हे उत्तर ठरलेलं.

उन्हाळ्याची ही सोय आपल्या आज्यांकडे होती. थंडीत हरभऱ्याचा पाला खुडायचा, पावसाळ्यात अंबाडी, घोळ, तरोटा आणायचा, वाळवून डब्यात ठेवायचा आणि पुढं डाळीत घालून शिजवायचा. कोहळ्याच्या वड्या, मुंगवड्या त्यासोबत. आता कपाशी-सोयाबीनच्या रानात तणनाशक मारतात, त्यात घोळ-तरोटाही जळतो. आणि उरलेली वाळली भाजी आपणच गरिबाचं खाणं म्हणून पाहुण्यांपासून लपवतो. पाहुण्यापुढं पापड चालतो, वाळला पाला चालत नाही! पापड-लोणच्यात मीठ किती असतं ते बीपीवाल्यांनी तरी ध्यानात घ्यावं.

वाळवायची रीत मात्र थोडी बदला. पाला आधी धुवा, मग चिरा. कडक उन्हात टाकू नका, त्यातलं अ जीवनसत्त्व उन्हानं जातं. पातळ कापडाखाली, सावलीत, वाऱ्यावर ठेवा. हातात चुरला जाईल इतका कडक झाला की घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. दहा किलोचा एक-दीड किलो उरतो. ओल राहिली तर बुरशी येते, तो डबा सरळ फेका. वाळवताना क जीवनसत्त्व बहुतेक जातंच, म्हणून खाताना लिंबू पिळा. त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जातं. मालकाच्या शेतातून पाला आणत असाल तर फवारणी कधी झाली ते विचारूनच खुडा.

सिकलसेलबद्दल वेगळं सांगते, कारण विदर्भात हा आजार आपल्या समाजात जास्त आहे. मुंगण्यानं किंवा बिटानं सिकलसेल बरा होत नाही. रक्त कमी दिसलं की आधी तपासणी करा. सिकलसेलच्या रुग्णानं लोहाच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. फॉलिक ॲसिडची गोळी सोडू नये आणि पाणी भरपूर प्यावं.

बागेला पाणी कुठून आणायचं? अंघोळीचं पाणी मुंगणा, पपई, केळीला चालतं. सांबार, मुळा, पालक यांना ते नको, नालीचं तर मुळीच नको, जंत होतात. आणि पाणी घालायचं काम पुन्हा बाईच्याच डोक्यावर टाकू नका. ती मजुरीहून येते, मग स्वयंपाक करते. बादली उचलायला घरात पुरुषही असतो.

ज्यांना अंगणच नाही त्यांच्यासाठी विहाराची जागा आहे. बोधिवृक्ष आहे तिथंच राहील, पण कुंपणाला क्रोटनऐवजी मुंगणा आणि कढीपत्ता लावायला कुणाची हरकत असावी? नळ आणि नालीसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेतून निधी येतो. येत्या ग्रामसभेत तो लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.

मुंगण्याची फांदी मनगटाएवढी जाड, दोन-तीन हात लांब घ्यावी, जूनच्या पहिल्या पावसावर लावावी. रोप विकत आणायची गरज नाही. ज्यांच्या दारी झाड आहे त्यांनी छाटणी करताना फांद्या फेकू नयेत, शेजारी द्याव्यात.