स्नूकरचा खेळ व आमची दृष्टी

खेळ म्हटला म्हणजे आमच्या वाशीम जिल्ह्यातील पालकांच्या डोळ्यांपुढे कुस्तीचा आखाडा, कबड्डीचे मैदान, फार झाले तर क्रिकेटची बॅट उभी राहते. हिरव्या बनातीच्या टेबलावर लांब काठीने चेंडू मारण्याच्या स्नूकरला मात्र या पंक्तीत पाट मिळत नाही. रिकामटेकड्यांचा नाद, जुगाराची पहिली पायरी, अशीच त्याची ख्याती. ही समजूत कितपत रास्त आहे, याचा विचार पालकांनी व विद्यार्थ्यांनी शांतपणे करावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, हा खेळ आम्हांस परका नव्हे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नामक तरुण इंग्रज अधिकाऱ्याने तो काढला, असे सामान्यतः मानतात. पुढे १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले, तेव्हापासून १९५६ पर्यंत जबलपूर व वाशीम एकाच प्रांतात नांदली. खेळाची रीतही कॅरम खेळणाऱ्या मुलास चटकन उमजेल. कॅरममध्ये राणी घेतल्यावर लगेच सोंगटी घ्यावी लागते. येथे तांबडा चेंडू घेतल्यावर रंगीत चेंडू घ्यावयाचा. तांबडे पंधरा, प्रत्येकी १ गुणाचे. रंगीत सहा, पिवळ्याचे २ पासून काळ्याचे ७ पर्यंत गुण. एकही चूक न करता प्रत्येक तांबड्यामागून काळाच घेत गेल्यास व शेवटी सर्व रंगीत चेंडू क्रमाने घेतल्यास १४७ गुण होतात.

या खेळाच्या व्यावसायिक जगात क्रमवारीच्या स्पर्धांना मोठे महत्त्व आहे. दोन वर्षांत अशा स्पर्धांतून मिळविलेल्या बक्षिसांच्या रकमेवरून खेळाडूचा जागतिक क्रमांक ठरतो. जुनी कमाई वजा होते, नवी जमेस धरली जाते. तेथे कुळ, शिफारस किंवा मागील कीर्ती कामास येत नाही. अशी स्पर्धा भारतात प्रथम दिल्ली येथे ऑक्टोबर २०१३ मध्ये भरली. तीत मुंबईच्या आदित्य मेहताने स्कॉटलंडच्या स्टीफन मॅग्वायरला उपान्त्य सामन्यात हरविले व क्रमवारीच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळविला. अंतिम सामन्यात चीनच्या डिंग जुनहुईने त्याचा ५–० असा पराभव केला. परंतु प्रतिपक्षी खेळत असता खुर्चीवर निमूटपणे बसून आपला पराभव पाहणे, हे या खेळातील मोठे शिक्षण आहे. पुढच्याच वर्षी आदित्यने जर्मनीतील एका स्पर्धेत १४७ गुणांचा डाव साधला, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

कोणी म्हणेल, "कौतुक पुष्कळ झाले, पण पैजांचे काय?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. २०२३ साली सामन्यांतील गैरव्यवहाराबद्दल दहा चिनी व्यावसायिकांवर बंदी घालण्यात आली. त्यांपैकी दोघांवर ती आजन्म आहे. त्या दहांतील झाओ शिनटोंगने स्वतः सामना विकला नव्हता. तथापि पैजा लावल्याबद्दल व दुसऱ्याच्या गैरकृत्यात सामील झाल्याबद्दल त्याने वीस महिन्यांची शिक्षा भोगली. नंतर २०२५ साली तोच जगज्जेता झाला. अपराधास शिक्षा व शिक्षेनंतर सुधारण्यास वाव, ही दोन्ही येथे दिसतात. पैजेच्या लोभाने क्रिकेटलाही डाग लागला आहे. म्हणून कोणी मुलाच्या हातची बॅट काढून घेत नाही. शिवाय चेंडूस चुकून अंगरखा लागला तर पंचाच्या आधी आपणच तो दोष सांगावा, असा स्नूकरमधील सभ्य संकेत आहे. ही सवय ज्या मुलास लागेल, तो परीक्षेच्या दालनात शेजाऱ्याच्या कागदाकडे डोळा लावील काय?

आमच्या मते दोष टेबलाचा नसून ते जेथे ठेवले जाते त्या अंधाऱ्या कोपऱ्याचा आहे. सभ्य माणसे ज्या खेळाकडे पाठ फिरवितात, तो खेळ आपोआप असभ्यांच्या हाती जातो. पुण्यास जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ साली कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मिळविले. कोणत्याही खेळातील तो पहिला भारतीय जगज्जेता गणला जातो. टेबलावरच्या खेळाने देशाला हा मान दिला. परंतु बारा फूट लांब, सहा फूट रुंद, पाटीच्या दगडाचे हे टेबल विकत घेणे व मोठ्या खोलीत मांडणे रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या शेतकऱ्यास कसे परवडावे? यास्तव जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात शिक्षकांच्या नजरेखाली, ठराविक वेळी, सर्व शाळांच्या मुलामुलींसाठी असे टेबल खुले असावे, ही मागणी पालकांनीच केली पाहिजे.

विद्यार्थ्यांसही एक शब्द. या व्यवसायावर पोट भरणारे फार थोडे. म्हणून पाठ्यपुस्तक मिटून काठी हाती घेण्याचा सल्ला आम्ही देत नाही. अभ्यास आटोपल्यावर मात्र अवश्य खेळावे. स्थिर हात, पुढच्या तीन चालींचा विचार व आपली चूक आपल्या तोंडाने सांगण्याचे धैर्य, एवढे जरी या खेळातून घरी आले, तरी क्रमवारीत नाव न येताही तो खेळ सार्थकी लागला असे आम्ही समजू.