शंकररावांचा वारसा : नावाचा आणि पाण्याचा

महाराष्ट्राने देशाला दिलेल्या संरक्षणमंत्र्यांची नावे घेताना यशवंतराव चव्हाणांचे नाव प्रथम येते, शरद पवारांचे त्यामागोमाग. शंकरराव चव्हाणांचे नाव सहसा कोणाला आठवत नाही. त्यात नवल नाही. १९८४ च्या उत्तरार्धात जेमतेम काही महिने ते खाते त्यांच्याकडे होते. शिक्षण, नियोजन, अर्थ आणि दोनदा गृह, इतकी खाती दिल्लीत सांभाळलेल्या या गृहस्थांची कारकीर्द त्या काही महिन्यांवरून मोजणे अन्यायाचे होईल. ६ डिसेंबर १९९२ रोजी गृहमंत्री तेच होते. त्या दिवसाचा जाब इतिहास त्यांनाही विचारीत राहील.

माजलगावकरांच्या लेखी मात्र शंकररावांची ओळख निराळी आहे. जायकवाडी हे मुळात बीड जिल्ह्यातील एका गावाचे नाव. धरण तेथे व्हावयाचे होते. पुढे जागा वर पैठणला सरकली, नाव तेवढे राहिले. पैठण हे शंकररावांचे जन्मगाव. वर्षानुवर्षे राज्याचे पाटबंधारे खाते सांभाळताना त्यांनी या योजनेचा ध्यास घेतला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिची पायाभरणी झाली, आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केले तेव्हा शंकरराव स्वतः मुख्यमंत्री होते. पैठणचा उजवा कालवा सुमारे १३२ किलोमीटर चालून माजलगावच्या जलाशयाला मिळतो. सिंदफणेवरील हे धरण १९८७ च्या सुमारास पुरे झाले, तेव्हाही राज्याची सूत्रे त्यांच्याच हाती होती. ज्या गावांनी या जलाशयांसाठी आपली घरे-शेते सोडली, त्यांचे ऋण या हिशेबात विसरता येणार नाही.

शिस्तीच्या आग्रहापायी लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. आम्ही काही काळ शाळेत घालविला आहे. हेडमास्तर वर्गात कडक आणि घरात मऊ असल्याचे दृश्य आम्हांस नवे नाही. मुख्यमंत्रिपदासाठी शंकररावांनी सोडलेली नांदेडची लोकसभेची जागा १९८७ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव अशोकराव यांनी जिंकली. पुढे २००८ मध्ये अशोकरावही मुख्यमंत्री झाले. वडील आणि मुलगा दोघेही त्या पदावर, असे या राज्यात पूर्वी घडले नव्हते. आदर्श प्रकरणात २०१० मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्यावरील खटल्यास राज्यपालांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. २०१४ मध्ये सौ. अमिता चव्हाण भोकरच्या आमदार झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव भारतीय जनता पक्षात गेले, आणि त्याच वर्षी कन्या श्रीजया त्या पक्षातर्फे भोकरमधून निवडून आल्या. पक्ष बदलला, मतदारसंघ घरातच राहिला. निःसंतान गेलेल्या यशवंतरावांच्या घराशी याची तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतो. नातेवाईक असणे हा काही अपराध नव्हे.

प्रश्न आहे तो वारसा कशाचा, हा. शंकररावांनी बांधलेले धरण भरण्याची हमी त्यांना स्वतःला देता आली नाही, कारण नाशिक-नगरच्या धरणांत अडलेले पाणी खाली आल्यावाचून पैठण भरत नाही आणि पैठण कोरडे असता माजलगावच्या कालव्याला येणार काय? समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५ च्या कायद्यात आले. ऑक्टोबरच्या मध्यास पैठणचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे, असा दंडक २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने घालून दिला. तरीही तुटीच्या वर्षी तंटा न्यायालयाच्या दारी जातोच, आणि बीड शहराचे पिणे ज्या जलाशयावर आहे त्याची पातळी इकडे खाली उतरत असते.

पाटबंधारे खात्याचे आजचे नाव जलसंपदा. त्याच्या मागण्या दर अर्थसंकल्पी अधिवेशनात विधानसभेपुढे येतात. कालव्यांच्या दुरुस्तीस किती रक्कम मिळाली आणि ती शेवटच्या चारीपर्यंत पोहोचली काय, हे त्या वेळी उठून विचारण्यास भोकरच्या आमदारांना कोणाची आडकाठी नाही.